चालणारं लाकूड

करवत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो सुतार होता, हे त्या नावाचं निम्मं कारण. उरलेलं निम्मं त्याच्याशी दोन वाक्यं बोललेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नसे. करवत जाताना कापते, तशी येतानाही कापते. दुकानात कुणी कपाटाची चौकशी करायला आलं, की तो आधी त्या माणसाला वरून खाली न्याहाळायचा आणि म्हणायचा, "कपाट हवंय की खोकं? खोकं हवं असेल तर पुढच्या वळणावर मिळतं." तरी लोक येत. त्याने जोडलेल्या सांध्यात केस शिरत नसे, आणि त्याच्या हातचा ड्रॉवर एका बोटाने ढकलला तरी सुस्कारा सोडल्यासारखा आत जाऊन बसे.

घर अरुंद, तीन मजल्यांचं. तळाला बापाच्या वेळची कार्यशाळा, मधे करवत आणि त्याची बायको, वर धाकटा भाऊ आपल्या संसारासह. कार्यशाळेत दोन टेबलं होती. एक खिडकीखाली, जिथे दिवसभर स्वच्छ उजेड पडे. दुसरं मागच्या भिंतीला चिकटलेलं, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागे. खिडकीचं थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. असं कुणी ठरवलं नव्हतं. थोरला आधी जन्मला, एवढंच. धाकट्याचे केस पिकले तरी तो दिव्याखालीच होता, आणि मधूनमधून मान वर करून खिडकीकडे बघायचा. करवतीला ते पाठीमागून कळायचं. "उजेड खाऊन पोट भरतं का रे?" तो न वळता विचारी.

"भरत असतं तर तू एवढा सुटला नसतास, दादा," मागून उत्तर येई.

असा त्यांचा दिवस जाई.

हा माणूस एक दिवस रागाच्या भरात पडणार, असं त्याची बायको वर्षानुवर्षं म्हणत आली होती. तो पडला तो मात्र अगदी शांतपणे, फळीवर पेन्सिलीने खूण करत असताना. आधी पेन्सिल पडली, मग तो. धाकट्याने त्याला खांद्यावर टाकलं, रस्त्यावर आणलं आणि समोरून येणाऱ्या टेम्पोला आडवा उभा राहिला. लांबच्या शहरातल्या रुग्णालयात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. शुद्धीवर आल्यावर तो भावाला पहिलं वाक्य बोलला ते असं: "मला भुशाच्या पोत्यासारखं उचललंस म्हणे."

"पोतं हलकं असतं," धाकटा म्हणाला.

घरी सोडताना रुग्णालयाने त्याच्याबरोबर तीन वस्तू दिल्या. एक टॅब्लेट, ज्यात बघून ठरलेल्या दिवशी व्यायामाचा वर्ग करायचा. एक पट्टा छातीला बांधायचा, वर्गापुरता, म्हणजे त्याच्या हृदयाची रेघ तिकडे दिसणार. आणि एक मनगटावरचा पट्टा, जो दिवसभरात माणूस किती चालला तेवढं मोजून तिकडे कळवी. बसने अर्धा दिवस लागणाऱ्या शहरात आठवड्यातून तीनदा कोण जाणार? म्हणून हा बेत. सगळे टप्पे नीट पार पडले की डॉक्टर कामावर जायची परवानगी देणार होते, आणि परवानगी मिळेपर्यंत रंधा, करवत, हातोडा, काही नाही.

करवतीच्या बायकोने हे शब्दशः घेतलं. तिने कार्यशाळेची किल्ली दिराच्या हातात दिली. "भाऊजी, तुम्ही सांभाळा. माझ्याकडे राहिली तर हे माझ्याकडून काढून घेतील."

"अगं, चोराच्या हाती जामदारखाना दिलास!" करवत ओरडला.

खाली खिडकीतून रंध्याचा आवाज यायला लागला. कान तयार असलेल्या माणसाला टेबल ओळखायला डोळे लागत नाहीत. मागच्या भिंतीला आवाज आपटून दबका व्हायचा. हा मोकळा होता. धाकटा खिडकीखाली गेला होता.

तेव्हापासून करवतीच्या डोक्यात एकच गोष्ट: परवानगी. ती जितकी लांबेल तितका धाकटा त्या टेबलात रुजणार. टेबलावरच्या लाकूड धरणाऱ्या शिकंज्याला एकदा दुसऱ्या हाताची सवय झाली की पहिल्या हाताला तो दाद देत नाही, असं त्याचं मत होतं.

टॅब्लेटमधली मुलगी त्याच्या मुलीच्या वयाची असती, मुलगी असती तर. तो तिला व्यायामवाली म्हणे. पहिल्याच दिवशी तिने त्याला खुर्चीतून उठायला आणि पुन्हा बसायला सांगितलं.

"हे मी जन्मल्यापासून करतोय," करवत म्हणाला.

"छान. मग हात न टेकता करा, काका."

त्याने केलं. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला. तिने विचारलं, "दम किती लागला? अजिबात नाही, थोडा, की बराच?"

"दम? तुला बघून कंटाळा आला. दम नाही."

"काका, तुम्हाला जी गोळी चालू आहे ती नाडीला लगाम घालते. रेघ बघून मला पूर्ण कळत नाही तुम्हाला किती जड जातंय ते. म्हणून तुमच्या तोंडावर अवलंबून राहावं लागतं मला."

"मग चांगल्या तोंडावर अवलंबून आहेस," असं म्हणून त्याने टॅब्लेट पालथा घातला. तिचा आवाज टेबलक्लॉथमधून येतच राहिला.

वर्गाचं तो कसंबसं निभावून नेई. चालण्याचं मात्र जमेना. रस्त्यावर काम नसताना चालायचं म्हणजे काय, हेच त्याला कळत नव्हतं. हातात माप नाही, खांद्यावर फळी नाही, आणि आपण नुसते निघालोय, हवा खात. बरं, जायचं कुठून? कार्यशाळेच्या दारावरून. धाकटा खिडकीतून मान वर करून बघणार. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यापर्यंत गेला. छातीत धडधडलं. ती धडधड चालण्याची होती की तीच होती, पेन्सिल पडली तेव्हाची, हे त्याला कळेना. तो विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. फळं विकणाऱ्या बाईने स्टूल पुढे केलं तर तिला म्हणाला, "स्टुलाचा पाय लंगडा आहे तुमच्या." आणि घरी परतला. आपण घाबरलो, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नसावं.

दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या अडगळीच्या खोलीत दार लावून बसायला लागला. तिथे त्याची जुनी हत्यारपेटी होती, जी बायकोच्या ध्यानात नव्हती.

त्याने जे बनवलं ते पाहून एखाद्याला वाटलं असतं की कुणी हौसेने खेळणं केलंय. बिघडलेल्या टेबलफॅनची मोटर, तिच्यावर मधोमध भोक न पाडता कडेला पाडलेली लाकडी चकती, आणि चकतीला जोडलेला कोपरापासून मनगटापर्यंतच्या मापाचा एक हात. मोटर फिरली की तो हात पुढे जाई, मागे येई, माणूस चालताना जातो तसा. मनगटाच्या जागी त्याने पट्टा बसेल अशी खाच कोरली होती. लबाडीचंच काम, पण त्याला ते वेडंवाकडं करता येईना. सांधे सगळे गुण्यात, काटकोनाला काटकोन. वरून पॉलिश. खाली चार पाय, कारण हलणारी वस्तू डगमगता कामा नये.

पहिल्या दिवशी मोटर जरा जोरात चालली.

"काका, काल तुम्ही धावलात की काय?" व्यायामवाली घाबरून म्हणाली.

"कुत्रं मागे लागलं होतं."

मग त्याने मोटरचा वेग उतरवला. टुक, टुक, टुक. बरोबर त्याच्या चालीचा ठेका. तो शेजारी स्टुलावर बसून जुन्या पटाश्यांना धार लावी, आणि त्याचा लाकडी हात त्याच्यासाठी मैलोनमैल चाले. बायकोने दाराबाहेरून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, "खोलीत येरझाऱ्या घालतोय. कुणी बघितलेलं मला चालत नाही. दार उघडायचं नाही."

ती म्हणाली, "नाही उघडत. चाला तुम्ही."

व्यायामवाली खूश झाली. इतक्या खूश माणसाचा करवतीला फार राग येई. "काका, तोंडाने तुम्ही कितीही बोला, पाय तुमचे शहाणे आहेत. एवढं चालणारा पेशंट माझ्याकडे दुसरा नाही. डॉक्टर म्हणतात तुम्हाला पुढच्या टप्प्यावर घ्यायचं." पुढच्या टप्प्यात पायरी चढ-उतार होती. त्याच्या पुढच्या टप्प्यात हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन पायरी चढ-उतार. करवत चढला, उतरला. डोळ्यांपुढे काजवे चमकत आणि तो म्हणे, "दम? कसला दम?" कारण आता परवानगी हाताच्या अंतरावर आली होती. आणखी एक टप्पा, की धाकट्याने गाशा गुंडाळायचा.

शेवटच्या टप्प्याच्या पहिल्याच वर्गात तो दुसऱ्यांदा पायरीवर चढला आणि उतरलाच नाही. भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकला. एक बाटली जिन्यावरून गडगडत गेली.

"काकू!" टॅब्लेटमधून व्यायामवालीचा आवाज आला, आणि त्या आवाजात लाडीगोडी राहिली नव्हती. "काकू, धावा. त्यांना बसतंच ठेवा. जिभेखाली मारायचा फवारा आणा. काका, माझ्याकडे बघा. छातीत दुखतंय? शिव्या नकोत, हो की नाही सांगा."

"हो," करवत म्हणाला.

बाटलीच्या आवाजाने धाकटा वर आला होता. फवारा मारला, जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी रेघ काढली, थोड्या वेळाने दुखणं ओसरलं. मोठं काही झालेलं नव्हतं. करवत पलंगावर उशांना टेकून बसला, रंग उडालेल्या भिंतीसारखा. टॅब्लेट समोरच्या खुर्चीवर चालूच होता. व्यायामवाली जागची हलली नव्हती.

"मला काही समजत नाही," ती म्हणाली. "रोज एवढं चालणाऱ्या माणसाला दोन पायऱ्यांनी असं व्हायला नको. म्हणजे जाळीतच पुन्हा अडथळा असणार. मी डॉक्टरांशी बोलले. काकू, उद्या त्यांना इकडे आणा. पुन्हा नळी घालून बघावं लागेल. कदाचित ऑपरेशन."

बायकोने पदर तोंडाला लावला. करवत छताकडे बघत राहिला. बोलावं तर परवानगी गेली. न बोलावं तर उद्या नळी. तो नळीला तयार झाला होता, यावरून त्याचा पीळ काय असेल तो ओळखावा.

"दादा," दारातून धाकटा म्हणाला, "तू सांगतोस की मी सांगू?"

"तू तुझं रंध्याचं बघ."

धाकटा अडगळीच्या खोलीत गेला. आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत ते चार पायांचं यंत्र होतं. त्याने ते टॅब्लेटसमोर ठेवलं, वायर भिंतीत खुपसली आणि बटण दाबलं. टुक, टुक, टुक. लाकडी हात पुढे जात होता, मागे येत होता.

"हे चालतं," धाकटा म्हणाला. "दादा नाही."

व्यायामवालीचे डोळे त्या हाताबरोबर पुढेमागे होत राहिले. मग म्हणाली, "बंद करा ते." आणि यंत्र थांबल्यावर, अगदी हळू आवाजात, "मी तुमचा व्यायाम वाढवला तो या लाकडाच्या भरवशावर. लाकडाला हृदय नसतं, काका. तुम्हाला आहे. आज मी इथे बसून तुम्हाला मरताना बघितलं असतं. आणि पुढे आयुष्यभर मला वाटत राहिलं असतं की माझंच काहीतरी चुकलं. एक-दोन तपासण्या तरी कराव्या लागतीलच. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसावर लांबून इलाज करता येत नाही." आणि तिने, आजवर पहिल्यांदाच, स्वतःहून फोन ठेवला.

करवत भावावर उलटला. "झालं समाधान? पडलं ना टेबल पदरात? किती दिवसांपासून माहीत होतं तुला?"

"झाले बरेच दिवस. तू खाली गल्लीत त्या काचवाल्याशी हुज्जत घालत उभा होतास आणि माझ्या डोक्यावर छतात तुझी पावलं वाजत होती. मला वाटलं, दादा दोन झाले. आधीच एक जड होतो."

"मग तेव्हाच का नाही बोंबललास?"

"बोंबललो असतो तर काय म्हणाला असतास? टेबलासाठी केलं म्हणाला असतास. आत्ता म्हणालास तेच." धाकट्याचा आवाज चढला. "म्हणून गप्प बसलो. तुझ्या जिभेला भिऊन गप्प बसलो, दादा, आणि तू मरत होतास. त्या टेबलाला आग लाव तू."

तो खाली निघून गेला. करवतीने बायकोकडे पाहिलं. यंत्राशेजारी जमिनीवर बसून तिने त्या लाकडी हाताला बोट लावलं, जरासं हलवलं.

"मी स्वयंपाकघरात असायचे," ती म्हणाली. "हा आवाज यायचा. मी म्हणायचे, चालतायत. म्हणजे आहेत. आवाज थांबला की माझा हात थांबायचा, पुन्हा सुरू झाला की मी पुढचं काम करायचे. तुम्ही मला या काठीवर जगवलंत."

"अगं, ऐक तर..."

"आता मला तुमचा एक शब्द ऐकायचा नाही. अहो-जाहो करते म्हणून मला राग येत नाही असं समजू नका."

ज्याच्याशी भांडायची त्याला सवय नव्हती असं घरात तेवढं एकच माणूस होतं. पुढचे काही दिवस ती ताट वाढून निघून जाई. तपासण्या झाल्या, जाळी शाबूत निघाली. मग एका सकाळी करवतीने स्वतःच्या हाताने टॅब्लेट उघडला, छातीचा पट्टा उलटा बांधला, सोडला, सुलटा बांधला आणि व्यायामवालीला फोन लावला.

"हं. काय करायचं ते सांग."

"पहिल्या टप्प्यापासून," ती म्हणाली. ती हसली नाही. "आणि एकट्याने नाही. घरातलं कुणीतरी डोळ्यांसमोर पाहिजे, पूर्ण वेळ. काकू?"

"मी नाही बसणार," बायको आतून म्हणाली. "मला स्टूल फेकून मारावंसं वाटेल."

"मग काकांचे भाऊ?"

"तो कामात असतो," करवत घाईने म्हणाला.

"तर मग तुम्ही त्यांच्या कामाच्या जागी जा."

अशा रीतीने करवत कार्यशाळेत परतला. भुशाच्या वासाने त्याचे डोळे भरून आले, ते त्याने नाक शिंकरून निभावलं. टॅब्लेट खिळ्याला टांगला. धाकटा खिडकीखाली रंधा मारत होता आणि खोलीच्या मधोमध थोरला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा, जागच्या जागी पाय उचलत होता.

"रंधा धरलायस की कणीक मळतोयस?" तो पाय उचलता उचलता म्हणाला.

"तू पाय उचल. कवायतीत बोलू नये."

"फळी बघ कशी रडतेय. इतकी वर्षं तू मागे होतास ते उगाच नाही."

"काका," खिळ्यावरून व्यायामवाली म्हणाली, "भावाला असंच बोलत राहा."

दोघे भाऊ थबकले.

"खरंच सांगतेय. व्यायाम करताना माणसाला बोलता आलं पाहिजे, हा आमचा नियम. तुम्ही दम विचारल्यावर खरं सांगत नाही. पण टोमणे मारायला पूर्ण श्वास लागतो, आणि ते तुम्ही कधी सोडणार नाही. म्हणून तुम्ही त्यांना बोला. आणि भाऊ, यांचं तोंड बंद पडलं की लगेच मला सांगायचं. तिथेच थांबायचं."

धाकट्याने रंधा खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी इथे उभा राहून रोज याच्या शिव्या खायच्या? डॉक्टरी इलाज म्हणून?"

"हो."

"पण बाई, इतकी वर्षं खातोच आहे, तेव्हा कुणी म्हटलं नाही औषध आहे म्हणून."

आठवडे गेले. टोमण्यांसाठी करवतीने भावाचा रंधा काढला, त्याची अधू नजर काढली, लग्नातला त्याचा सदरा काढला, लहानपणी त्याने तोडलेली खुर्ची काढली. चालायलाही आता दोघे जात, धाकटा दोन हात पुढे, थोरला मागून त्याच्या चालीला नावं ठेवत. एकदा वाक्याच्या मधेच करवतीचा आवाज तुटला. धाकट्याने मागे वळून न बघता फळवालीचं स्टूल ओढलं. स्टूल लंगडंच होतं. करवत काही न बोलता बसला.

शेवटी परवानगी आली, पण अर्धी. व्यायामवालीने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं: बसून करायचं हलकं काम चालेल. रंधा, करवत आणि फळ्या उचलणं अजून नाही, आणि कदाचित पूर्वीइतकं कधीच नाही.

"कधीच म्हणजे?"

"कधीच म्हणजे कधीच, काका. खोटं मी बोलत नाही."

रंधा मारणाऱ्याला उजेड लागतो, घासणाऱ्याला बोटं पुरतात. यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. करवतीने मागच्या भिंतीकडचं स्टूल ओढलं, दिवा लावला आणि पॉलिश पेपर हातात घेतला. धाकटा खिडकीपाशी रंधलेली एकेक फळी त्याच्यापुढे आणून आदळायचा. तो घासायचा, पुढे सरकवायचा. दुपारच्या सुमाराला त्याचा हात मंदावला. छातीत धडधड होती, साधीच, पण होती. दिव्याखाली त्याचा चेहरा ओला दिसत होता. त्याने हातातली फळी भावाकडे परत ढकलली.

"यात खोट आहे. बघ."

धाकट्याने फळी उचलली, खिडकीत नेली, उजेडात तिरकी धरली. तळहात फिरवला. मग दुसरी बाजू. "कुठे आहे? डोळे गेले का तुझे?"

"नीट बघ म्हटलं ना. घाई कसली आहे?"

धाकट्याने एकदा मागे वळून भावाकडे पाहिलं. फळी पुन्हा उजेडात धरली आणि तो बघत उभा राहिला. पुष्कळ वेळ. मधे एकदा त्याने गुण्या लावून पाहिला, एकदा फुंकर मारली. मागे स्टुलावरचा श्वास हळूहळू खाली येत होता.

"सापडली का रे, आंधळ्या?" अखेर मागून खडखडीत आवाज आला.

"सापडली," धाकटा म्हणाला, आणि जशीच्या तशी फळी त्याच्यापुढे आणून आदळली.